माया : पाषाणांत आणि माणसांत

(एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेन नावाचा प्रांत आहे. तेथील घनदाट अरण्यात दररोज पहाटे प्रवाशांचा एखादा जथा विजेऱ्यांच्या उजेडात चालू लागतो. वाट ओली असते, मुळांनी भरलेली असते. अंधारात कोठून तरी वाघाच्या डरकाळीसारखा आवाज उठतो आणि नवखा प्रवासी जागच्या जागी थबकतो. वाटाड्या हसून सांगतो, ही हाऊलर जातीची माकडे आहेत. पाऊण तासाच्या चालीनंतर एक लाकडी जिना लागतो. तो चढून प्रवासी सुमारे ६५ मीटर उंचीच्या एका मंदिराच्या माथ्यापाशी पूर्वेकडे तोंड करून बसतात. हळूहळू उजाडते, धुके विरळ होते, आणि हिरव्या वनराजीच्या सागरातून तीन-चार पाषाणशिखरे वर येताना दिसतात. हे तिकाल. माया लोकांच्या महानगरांपैकी एक.

त्या क्षणी बहुतेक प्रवाशांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. ज्यांनी हे उभारले, ते लोक गेले कोठे? प्रवासी संस्थांची माहितीपत्रके, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि रहस्यकथांची पुस्तके या प्रश्नाला ठरलेले उत्तर देतात : 'माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले.' हे उत्तर कितीही मोहक असले तरी ते असत्य आहे. ज्या वाटाड्याने माकडांची ओळख करून दिली, त्याच्या घरी कदाचित माया कुळातलीच एखादी भाषा बोलली जात असेल. प्रवासी शिखराकडे पाहत असतो आणि शेजारी उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही. माया अवशेषांच्या यात्रेत होणारी सर्वांत मोठी चूक ही, आणि आजच्या विवेचनाचा विषयही तोच आहे.

अरण्यातील शिखरे

माया भूमी म्हणजे मेक्सिकोचे युकातान द्वीपकल्प व चियापाससारखा दक्षिणेचा प्रदेश, संपूर्ण ग्वाटेमाला आणि बेलीझ, शिवाय होंडुरास व एल साल्वाडोर यांचा काही भाग. येथे एकछत्री साम्राज्य कधीच नव्हते. अनेक नगरराज्ये होती, त्यांचे राजे होते, त्यांच्यात सोयरिकी होत्या आणि निर्घृण युद्धेही होती. अभ्यासक ज्याला अभिजात काळ म्हणतात तो इसवी सन २५० ते ९०० या सुमाराचा. आपल्याकडे गुप्त आणि वाकाटकांपासून राष्ट्रकूटांपर्यंतची राजवटी ज्या काळात होत्या, तोच हा काळ. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांवर आणि वेरूळच्या कातळावर छिन्नी चालत होती, तेव्हा पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला तिकालची मंदिरे उभी राहत होती. दोन्हीकडच्या कारागिरांना एकमेकांची वार्ता नव्हती.

मात्र वेरूळच्या कारागिरापाशी लोखंड होते, माया कारागिरापाशी नव्हते. ओझे वाहायला बैल नव्हता, घोडा नव्हता, गाडीही नव्हती. गारगोटीची आणि ज्वालाकाचेची हत्यारे, माणसाचे खांदे आणि भाजलेला चुना एवढ्या साधनांवर ही नगरे उभी राहिली. कमान बांधताना दोन्ही बाजूंचे दगड थरागणिक आत सरकवत नेऊन वर झाकणाचा दगड ठेवला जाई. म्हणून खोल्या अरुंद असत आणि भिंती जाड. प्रचंड मंदिराच्या माथ्यावरील गाभारा चिंचोळा का, याचे उत्तर या बांधणीत आहे.

तिकालच्या मंदिरांत दारांवरच्या तुळया लाकडी होत्या आणि त्यांवर राजांची कोरीव चित्रे होती. साडेबाराशे वर्षांच्या पावसाळ्यांतही त्यांतील काही टिकल्या. ते लाकूड कोणते? महाराष्ट्रातील प्रवाशाला उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. ते चिकूचे लाकूड होते! डहाणू-घोलवडच्या वाड्यांतून घराघरांत येणारा चिकू मूळचा याच प्रदेशाचा. पपईची आणि सीताफळाची मूळ भूमीही त्याच भागातली, आणि ज्या मिरचीशिवाय मराठी स्वयंपाकघराची कल्पना करवत नाही, ती मिरचीही मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून ती गोव्याला उतरली. ज्यांचे अवशेष पाहायला इतक्या लांब जायचे, त्यांचे देणे आपल्या ताटात रोज वाढलेले असते.

तिकालजवळून नदी वाहत नाही. वर्षातले काही महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले महिने कोरडे जातात. मग हजारो लोकांची तहान कशी भागे? मंदिरांसमोरच्या भव्य चौकांकडे नीट पाहिले म्हणजे उत्तर सापडते. चुन्याचा गिलावा केलेल्या या चौकांना उतार दिलेला होता. पावसाचा थेंब न् थेंब वाहत जाऊन बांधीव तलावांत साठे. त्यांपैकी एका तलावात पाणी गाळण्यासाठी बाहेरून आणलेल्या झिओलाइट या खनिजाचा व गारेच्या वाळूचा उपयोग केला जात असावा, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. विमानातून लेसर किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजण्याचे लायडार हे तंत्र पेतेनच्या अरण्यावर वापरले गेले, तेव्हा सुमारे २,१०० चौरस किलोमीटर क्षेत्रात झाडांखाली दडलेल्या ६० हजारांहून अधिक वास्तू आढळल्या. ही माहिती २०१८ साली जाहीर झाली. घरे, बांध घातलेली शेते, कालवे, उंच केलेले रस्ते असे सारे काही तेथे होते. ज्याला प्रवासी 'अस्पर्श अरण्य' समजतो, ते एके काळचे गजबजलेले शिवार आहे.

आकाशाचे गणित

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना कॅनकुनचा समुद्रकिनारा परिचित असतो. तेथून सुमारे २०० किलोमीटरवर चिचेन इत्झा आहे. युनेस्कोने १९८८ साली त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. कुकुल्कान या पिसांच्या नागदेवतेचे पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर हे येथील मुख्य आकर्षण. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, मिळून ३६४, आणि वरचा चौथरा धरून ३६५. वर्षाचे दिवस तितकेच. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस व रात्र समान होतात, त्या सुमारास मावळतीकडच्या उन्हात उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर प्रकाशाचे त्रिकोण पडतात आणि खाली कोरलेल्या नागमुखापर्यंत एक प्रकाशसर्प उतरत आल्याचा भास होतो. हजारो लोक ते पाहायला जमतात.

हा सोहळा डोळ्यांचे पारणे फेडणारा असला, तरी माया गणिताची खरी थोरवी त्याहून खोल आहे. त्यांची मोजणी विसाच्या पटीची होती. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखे चिन्ह म्हणजे शून्य. या तीन चिन्हांत ते लक्षावधी दिवसांची गणना लिहीत. शून्याची कल्पना भारतात बहरली तशी ती त्या भूमीतही स्वतंत्रपणे उमलली.

त्यांचे एक पंचांग २६० दिवसांचे होते, तेरा अंक आणि वीस दिवसनामे यांच्या मेळातून झालेले. दुसरे ३६५ दिवसांचे. दोन्ही चक्रे एकत्र फिरू लागली की तोच दिवस पुन्हा यायला ५२ वर्षे लागत. शुक्र सूर्याच्या संदर्भात पुन्हा त्याच स्थितीला यायला सुमारे ५८४ दिवस घेतो. माया ज्योतिष्यांनी ताडले होते की अशी पाच आवर्तने म्हणजे २,९२० दिवस, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षे म्हणजेही २,९२० दिवस. या मेळावर त्यांनी शुक्राच्या उदयास्ताची कोष्टके रचली आणि त्यांत पडणारा सूक्ष्म फरक दुरुस्त करण्याची सोयही केली. दुर्बीण नव्हती. पिढ्यान्पिढ्या केलेले निरीक्षण आणि ते लिहून ठेवण्याची शिस्त मात्र होती.

या पंचांगाच्या नावाने २०१२ साली जगभर एक हास्यास्पद भीती पसरली. इसवी सनापूर्वी ३११४ मध्ये सुरू झालेले माया कालगणनेचे एक मोठे आवर्तन २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास पूर्ण होत होते, म्हणून त्या दिवशी जगाचा अंत होणार असे भाकीत केले गेले. युग संपले की दुसरे सुरू होते, हे आपल्याकडच्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. माया लोकांचीही समजूत तीच होती. पालेंके येथील एका शिलालेखात तर इसवी सन ४७७२ मधील एका दिवसाचा उल्लेख आहे! जगबुडीचे भाकीत त्या शिळांत नव्हते. ते शिळा न वाचणाऱ्यांच्या कल्पनेत होते.

पोथ्यांची होळी

येथे एक प्रश्न उभा राहतो. एवढे गणित, एवढे ज्योतिष, एवढे लेखन, मग त्यांची पुस्तके कोठे आहेत?

चिचेन इत्झापासून नैर्ऋत्येला मानी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे सोळाव्या शतकातला एक प्रशस्त मठ आहे. फारसे प्रवासी तिकडे वळत नाहीत. १२ जुलै १५६२ या दिवशी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तेथे माया लोकांच्या देवमूर्तींचा आणि पोथ्यांचा ढीग रचून त्याला अग्नी दिला. त्याआधी मूर्तिपूजा लपूनछपून चालू ठेवल्याच्या संशयावरून कित्येकांचा छळ झाला होता. झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा थर देऊन, त्यावर रंगांनी लिहिलेल्या त्या घडीच्या पोथ्या होत्या. हे पाहून लोकांना विलक्षण दुःख झाले, ही नोंद खुद्द लांदानेच करून ठेवली आहे.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १५६० साली, गोव्यात पोर्तुगिजांनी इन्क्विझिशनची स्थापना केली होती. देवळे पाडली जात असताना मूर्ती खाडीपलीकडे नेऊन जपणाऱ्या गोमंतकीयांच्या वंशजांना मानीचे दुःख वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आज जगात माया लिपीतील अवघ्या चार पोथ्या शिल्लक आहेत. तीन ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस या युरोपीय नगरांत आहेत. चौथी मेक्सिकोत आहे आणि दीर्घ वादानंतर २०१८ साली तेथील तज्ज्ञांनी ती अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. एका संपूर्ण वाङ्मयातून उरल्या त्या एवढ्याच.

परंतु इतिहासाचा न्याय विलक्षण असतो. लांदाच्या कृत्याची स्पेनमध्ये चौकशी झाली. त्या काळात, १५६६ च्या सुमारास, त्याने युकातानविषयी एक विस्तृत वृत्तांत लिहिला आणि त्यात माया 'मुळाक्षरे' म्हणून काही चिन्हे नोंदवली. त्या वृत्तांताची प्रत १८६२ साली माद्रिदमध्ये सापडली. ज्याने पोथ्या जाळल्या, त्याच्याच हातून त्या लिपीच्या कुलुपाची किल्ली मागे राहिली होती. तसेच किचे माया लोकांचे 'पोपोल वुह' हे सृष्टीच्या उत्पत्तीचे आणि पूर्वजांच्या पराक्रमाचे पुराण आज उपलब्ध आहे, ते फ्रान्सिस्को हिमेनेझ या डॉमिनिकन धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या आरंभी उतरवून घेतलेल्या प्रतीमुळे. एकाने जाळले, दुसऱ्याने जपले. दोन्ही नोंदी इतिहासाच्या वहीत राहिल्या पाहिजेत.

शिळा बोलू लागल्या

लांदाची किल्ली हाती आली, तरी ती कुलुपात फिरेना. स्पॅनिश अक्षरांप्रमाणे ती चिन्हे लावून पाहिली की निरर्थक ध्वनी निघत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे पंडित सांगत राहिले की ही लिपी भाषा लिहीतच नाही. शिळांवर केवळ पंचांग आणि देवदेवता आहेत.

१९५२ साली लेनिनग्राडमधील युरी क्नोरोझोव्ह या तरुण संशोधकाने एक लेख प्रसिद्ध केला. तोवर त्याने माया भूमीवर पाऊलही ठेवलेले नव्हते. त्याचा तर्क देवनागरी लिहिणाऱ्याला सहज पटावा असा होता. लांदाने समोरच्या माया लेखकाला 'ब' लिहायला सांगितले तेव्हा स्पॅनिश पद्धतीने 'बे' असा उच्चार केला. लेखकाने 'बे' या ध्वनीचे चिन्ह काढून दिले. म्हणजे ती मुळाक्षरे नव्हतीच. ती बाराखडी होती! प्रत्येक चिन्हात व्यंजन आणि स्वर एकत्र होते.

मग क्नोरोझोव्हने ड्रेस्डेनची पोथी उघडली. टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे होती. पहिले लांदाच्या यादीतले 'कु'. युकातानच्या माया भाषेत टर्कीला म्हणतात 'कुत्झ'. तेव्हा दुसरे चिन्ह 'त्झु' असले पाहिजे. पुढे कुत्र्याच्या चित्रावर पहिलेच चिन्ह 'त्झु' होते आणि दुसरे लांदाने 'ल' म्हणून दिलेले. कुत्र्याला जुना माया शब्द आहे 'त्झुल'. लिपी बोलली! इतकेच, की ती बोलू शकली याचे कारण तिची भाषा मेलेली नव्हती. युकातानच्या खेड्यांत स्त्रिया-पुरुष जे शब्द उच्चारत होते आणि जुन्या शब्दकोशांत जे नोंदले गेले होते, त्यांच्याच आधाराने हजार वर्षांपूर्वीची शिळा वाचता आली. बोलणारे लोक खरोखर नाहीसे झाले असते, तर हे दगड कायमचे मुके राहिले असते.

यानंतर तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह या विदुषीने १९६० साली दाखवून दिले की शिळांवरील तारखा राजांच्या जन्माच्या, राज्याभिषेकाच्या आणि मृत्यूच्या आहेत. देवांच्या वाटणाऱ्या प्रतिमा माणसांच्या ठरल्या. आज होंडुरासमधील कोपान येथे प्रवासी सुमारे २,२०० चिन्हे कोरलेल्या भव्य जिन्यासमोर उभा राहतो, तेव्हा तो माया भाषेतील सर्वांत दीर्घ ज्ञात शिलालेखासमोर उभा असतो. जवळच्या एका चौकोनी शिळेवर सोळा राजे ओळीने बसलेले आहेत. पहिला राजा सोळाव्याच्या हाती राजचिन्ह देतो आहे. राजवंशाची ती वंशावळ आता वाचता येते.

पालेंके येथील कथा याहून हृद्य आहे. तेथील शिलालेखांच्या मंदिरात फरशीच्या एका लादीला भोके असल्याचे आल्बेर्तो रुस या मेक्सिकन पुरातत्त्वज्ञाच्या ध्यानात आले. ती उचलली तेव्हा खाली दगडमातीने बुजवलेला जिना होता. तो मोकळा करायला काही हंगाम गेले. १९५२ साली तळाशी पोहोचल्यावर पाकाल राजाची शवपेटी आढळली. पाकाल बाराव्या वर्षी, ६१५ साली, गादीवर बसला आणि ६८३ साली निवर्तला. दफनगृहापासून वर मंदिरापर्यंत जिन्याच्या कडेने एक पोकळ पाषाणनलिका नेलेली आहे. निवर्तलेल्या पित्याशी जिवंतांचा संवाद तुटू नये, हा त्यामागचा हेतू असावा असे अभ्यासक मानतात.

१९७० साली याच पालेंकेला लिंडा शील नावाची एक अमेरिकन चित्रकला-शिक्षिका सुट्टीत प्रवासी म्हणून आली. अवशेष पाहून ती परतली खरी, पण मनाने तेथेच राहिली. तीनच वर्षांनी, १९७३ मध्ये, पालेंके येथे भरलेल्या परिषदेत तिने दोन सहकाऱ्यांसह तेथील राजवंशाचा क्रम उलगडून दाखवला. डोळसपणे पाहणारा प्रवासी काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

श्रेयाची चोरी

माया नगरांना शब्दांनी जितके लुटले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने लुटले असेल. युरोपीय प्रवाशांनी ही भव्यता पाहिली तेव्हा समोरच्या गरीब शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी ती निर्माण केली असेल, हे त्यांना पटेना. कोणी फिनिशियन लोकांचे नाव घेतले, कोणी इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांचे, कोणी समुद्रात बुडालेल्या अटलांटिसचे. १८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन वकील आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार कोपानला पोहोचले. स्टीफन्सने ते अवशेष ५० डॉलरला विकत घेतले! परंतु १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने निःसंदिग्धपणे लिहिले की या नगरांचे निर्माते म्हणजे याच भूमीतल्या लोकांचे पूर्वज होत. दुर्दैवाने त्यानंतरही कल्पनांचे घोडे थांबले नाहीत. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेनने पाकालच्या शवपेटीच्या झाकणावर अंतराळवीर पाहिला. ज्यांना ती चित्रभाषा वाचता येते, त्यांना तेथे विश्ववृक्षाखाली पाताळाच्या जबड्यात असलेला, पुन्हा मक्याच्या कोंबासारखा उगवू पाहणारा राजा दिसतो.

येथे आपल्याकडील एका प्रवृत्तीचाही प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. 'माया' हा शब्द ऐकताच मयासुर आणि इंद्रप्रस्थाची मयसभा आठवते. पिसांचा नाग, पायऱ्यांची मंदिरे, शून्य आणि युगे यांत साम्यही दिसते. भिक्षू चमनलाल यांचे 'हिंदू अमेरिका' हे पुस्तक १९४० साली निघाले आणि माया संस्कृती भारतातून गेली, असे मानणारा एक वर्ग तयार झाला. कोपानच्या एका स्तंभावर माहुतासह हत्ती कोरला आहे, असे एका पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञानेही हिरिरीने मांडले होते. तो 'हत्ती' म्हणजे मकाऊ जातीचा लांब वाकड्या चोचीचा पोपट निघाला! आजही कोपानच्या झाडांवर ते लाल पोपट कलकलाट करीत बसलेले असतात. पुरावा काय सांगतो? माया हे नाव युकातानच्याच भूमीतले आहे. त्यांच्या भाषेचे संस्कृतशी नाते नाही. त्यांच्या उत्खननांत भारतातून आलेली एकही निर्विवाद वस्तू नाही. आणि त्यांच्या स्थापत्याची वाढ तेथल्याच मातीत, टप्प्याटप्प्याने झालेली दिसते.

भारतीयांनी जे निर्माण केले त्याचे श्रेय ग्रीकांना किंवा आणखी कोणाला दिले गेले, की भारतीय मन दुखावते आणि ते योग्यच आहे. मग तोच अन्याय दुसऱ्यावर भारतीयांच्या हातून कसा व्हावा? ज्यांच्या पोथ्या जळाल्या, ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापाशी उरलेला पूर्वजांचा कर्तृत्ववारसाही 'हा आमचाच' म्हणून काढून घेणे हे मित्राचे लक्षण नव्हे. दुसऱ्याच्या मंदिरासमोर, ते दुसऱ्याचे आहे हे जाणूनही, जो आदराने उभा राहू शकतो, त्याचीच स्वतःच्या वारशावरील श्रद्धा भक्कम म्हणायची.

लोपले ते काय?

मग नवव्या शतकात काय झाले? दक्षिणेकडील नगरे ओस पडली, हे सत्य आहे. दीर्घ दुष्काळ, नगरराज्यांतील अखंड युद्धे, वाढलेली लोकसंख्या आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी व शेतीसाठी झालेली जंगलतोड अशी अनेक कारणे एकवटली. ज्या राजांनी देवांकडून पाऊस आणण्याचा अधिकार सांगितला, त्यांच्यावरील विश्वास पाऊस न आल्याने उडाला असावा. त्या समाजात नरबळीही दिले जात, हेही लपवण्याचे कारण नाही. राजघराणी संपली, स्मारकशिला कोरणे थांबले. लोक मात्र पाण्याच्या आणि शेतीच्या शोधात दुसरीकडे गेले. चिचेन इत्झाचा मोठा उत्कर्ष तर त्यानंतरचा. शेवटचे स्वतंत्र माया राज्य पेतेन इत्झा सरोवरातील बेटावर १६९७ पर्यंत टिकले. शिवछत्रपतींच्या निर्वाणानंतर सतरा वर्षांनी ते स्पॅनिश फौजेने जिंकले. १८४७ साली युकातानच्या माया शेतकऱ्यांनी उठाव केला. तो संघर्ष विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला.

सर्वांत दारुण अध्याय अलीकडचा आहे. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली सांगितले की दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. गावेच्या गावे जाळली गेली. जे प्रवासी त्याच काळात तिकालला 'नाहीशा झालेल्या' माया लोकांचे कौतुक करीत होते, त्यांच्यापासून काही तासांच्या अंतरावर जिवंत माया लोकांना नाहीसे केले जात होते. 'लुप्त संस्कृती' हे शब्द किती क्रूर ठरू शकतात, ते येथे कळते.

तरीही ते लोक टिकले. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत साठ लाखांहून अधिक लोकांनी आपली ओळख माया अशी नोंदवली. माया कुळातील सुमारे तीस भाषा आज बोलल्या जातात. चिचिकास्तेनांगो या डोंगराळ गावातील चर्चच्या पायऱ्यांवर आजही कोपालचा धूप जळतो. आत मेणबत्त्या, बाहेर पूर्वजांसाठी अग्नी, आणि दोन्हीकडे तेच भाविक. मोमोस्तेनांगो येथे २६० दिवसांचे पंचांग सांभाळणारे 'दिवसांचे राखणदार' अजून आहेत. लांदाच्या आगीत पोथ्या गेल्या, पण दिवसांची मोजणी थांबली नाही. घरोघरी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, पाट्यावर वाटून त्याच्या भाकऱ्या थापल्या जातात. 'पोपोल वुह' सांगते की देवांनी माणूस मक्याच्या पिठापासून घडवला. ती कथा त्या चुलीपाशी रोज नव्याने खरी होते.

प्रवाशाचे कर्तव्य

मग माया भूमीला जाणाऱ्याने काय करावे? प्रथम, जाण्यापूर्वी वाचावे. टिंब, रेघ आणि शिंपला एवढी ओळख झाली तरी शिळेवरची तारीख आपल्याशी बोलू लागते. शक्यतो स्थानिक माया वाटाड्या घ्यावा आणि गावाचे, शेताचे, भाषेचे प्रश्नही त्याला विचारावेत. चिचेन इत्झाच्या वाटेवर वस्तू विकणाऱ्या बायांकडे त्रासिक नजरेने पाहू नये. ज्यांच्या पूर्वजांचे आंगण आहे, त्यांनाच तेथे उपऱ्यासारखे वागवले जाते, याची जाणीव ठेवावी. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर विणलेले वस्त्र घेताना, ते विणायला किती दिवस लागले ते विचारावे आणि मग घासाघीस करावी की नाही ते ठरवावे. जुनी मडकी, मूर्ती कोणी गुपचूप देऊ केली तर ती मुळीच घेऊ नये; अशा खरेदीसाठीच थडगी फोडली जातात. कुकुल्कानच्या मंदिरावर चढण्यास बंदी आहे, ती आनंदाने पाळावी. आणि तिकालच्या चौकात दोन मंदिरांमध्ये अग्नी पेटवून कोणी प्रार्थना करीत असेल, तर छायाचित्र घेण्याआधी क्षणभर हात जोडून उभे राहावे. ते स्थान त्यांच्यासाठी अवशेष नाही, देवस्थान आहे.

डिसेंबर २०२३ पासून युकातानमध्ये 'माया रेल्वे' धावू लागली. तिच्यामुळे प्रवास सुलभ झाला. जंगल आणि जमिनीखालची पाण्याची विवरे यांना पोहोचणाऱ्या हानीबद्दल विरोधही झाला. प्रवाशांचा लोंढा वाढेल. त्या लोंढ्यात डोळसपणे पाहणारे किती असतील, यावर बरेच काही अवलंबून आहे.

शेवटी एकच गोष्ट सांगून हे विवेचन पुरे करायचे आहे. लिंडा शील १९९८ साली निवर्तली. त्यापूर्वी तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालात माया लोकांसाठीच त्यांच्या प्राचीन लिपीचे वर्ग घेतले. शेतकऱ्यांच्या घरांतून आलेली, शाळांत शिकवणारी तरुण माणसे वहीत 'कु', 'त्झु', 'लु' ही चिन्हे गिरवू लागली. ज्या लिपीत आपले पूर्वज लिहीत होते, तिच्यात त्यांनी साडेचारशे वर्षांच्या खंडानंतर आपापली नावे लिहिली. आज त्या भूमीत नव्या स्मारकशिलाही कोरल्या जात आहेत.

तिकालच्या शिखरावरून सूर्योदय पाहून खाली उतरणाऱ्या प्रवाशाने ही वही आठवावी. वर दिसले ते वैभव होते. वहीत उमटले ते जीवन आहे. संस्कृती तिच्या मंदिरांच्या उंचीने जगत नाही. तिची भाषा बोलणारे, तिचे दिवस मोजणारे आणि तिची अक्षरे गिरवणारे हात असेपर्यंत ती जगते. माया लोकांनी हे जगाला दाखवून दिले आहे. त्यांच्या दाराशी जाणाऱ्याने पाहुण्यासारखे जावे आणि विद्यार्थ्यासारखे परतावे, एवढेच.